कंपनीचं बटण आणि बाहेरच्या गरम ग्रिप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी पडायला लागली की हीटेड ग्रिपचे, म्हणजे मोटरसायकलच्या हँडलवरच्या गरम होणाऱ्या मुठींचे, प्रश्न येतातच, पण यावेळी एकाच गोष्टीवर इतकी पत्रं आलीत की अख्खं सदर त्यालाच दिलंय. गाडीवर कंपनीचं ग्रिप गरम करायचं बटण आधीपासून आहे किंवा मीटरमध्ये तशी सोय आहे, आणि त्याच बटणावर बाहेरून घेतलेल्या ग्रिप चालवायच्यात. हँडलवर दुसरा कंट्रोलर लटकवायचा नाही, बॅटरीपासून वेगळी वायर ओढायची नाही. इच्छा एकदम रास्त आहे आणि बऱ्याच गाड्यांवर हे नीट होतं, मी स्वतः केलंय. फक्त वायर कापायच्या आधी मल्टीमीटर हातात घ्यायची तयारी पाहिजे, कारण पत्रांमधल्या बहुतेक तक्रारी घाईत कापलेल्या वायरींच्याच आहेत.

प्रश्न: दादा, माझ्या गाडीला कंपनीच्याच हीटेड ग्रिप होत्या, त्यातली उजवी गरम व्हायची बंद झाली आणि डावीचं रबर पार गुळगुळीत झालंय. कंपनीचा सेट फार महाग पडतो म्हणून बाहेरचा आणला, त्याच्यासोबत त्याचा स्वतःचा कंट्रोलर आलाय. पण डाव्या स्विचवर कंपनीचं बटण आहेच, तर तो कंट्रोलर बाजूला ठेवून ग्रिपच्या वायरी सरळ जुन्या कपलरला, म्हणजे वायरींच्या प्लगला, जोडल्या तर चालेल का? दोन्हीकडे १२ व्होल्टच आहे ना?

उत्तर: १२ व्होल्ट दोन्हीकडे आहे हे बरोबर, पण इथे अडचण व्होल्टची नसते, करंटची असते. ग्रिपच्या आत असते ती नुसती रेझिस्टन्सची तार किंवा पातळ पट्टी, तिला स्वतःचं डोकं नसतं, समोरून जेवढे व्होल्ट येतील आणि तिचा रेझिस्टन्स जेवढा असेल त्या हिशोबाने ती करंट ओढते आणि तापते. म्हणून बाहेरची ग्रिप कंपनीच्या जागी चालेल की नाही हे ठरवायला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत, एक म्हणजे बटणामागे कोण बसलंय, आणि दुसरी, जुनी ग्रिप किती करंट ओढत होती.

बटणाचं आधी बघू. जुन्या गाड्यांवर खटक्याचा स्विच असायचा, बंद, कमी, जास्त अशा तीन जागा, आणि ग्रिपचा सगळा करंट त्या स्विचमधूनच जायचा. पुढे आलेल्या कित्येक गाड्यांवर बटण नुसतं निरोप्या आहे. ते दाबलं की सोडल्याबरोबर परत वर येतं, त्याच्यातून फक्त काही मिलीअँपियर जातात, आणि तो निरोप ऐकून शेडमध्ये, म्हणजे गाडीच्या प्लॅस्टिकच्या आवरणात, कुठेतरी बसलेला वेगळा कंट्रोलर किंवा गाडीचा मुख्य कॉम्प्युटर ग्रिपला करंट सोडतो. तोही सलग नाही, सेकंदाला अनेकदा चालू-बंद करून सोडतो, चालू राहण्याचा वेळ जास्त तर ग्रिप जास्त गरम, कमी तर कोमट. तुमचं बटण दाबल्यावर अडकून राहतं की परत येतं एवढं बघितलं तरी अर्धं उत्तर मिळतं. परत येत असेल तर त्या बटणाच्या वायरी ग्रिपला कधीही जोडू नका, त्या बिचाऱ्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमधून ४ अँपियर गेले तर ते जळणार आणि मग अख्खं डावं स्विचगिअर बदलायची वेळ येणार. तुमच्या कामाचं कपलर ते नाही, ग्रिपकडून आलेल्या वायरी जिथे हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या मुख्य जुडग्याला, मिळतात ते.

आता जुनी ग्रिप मोजा. उजवी मेली असली तरी डावी चालू आहे ना, तेवढी पुरते. कपलर सुटा करा, मल्टीमीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या जागी, ठेवा, आणि सगळ्यात आधी मल्टीमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा, ०.२, ०.३, ०.५ असं काहीतरी दिसेल, तो तुमच्या मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आहे आणि तो दरवेळी वजा करायचा. लोक हे करत नाहीत कारण मोठ्या रेझिस्टन्सला फरक पडत नाही, पण ग्रिप असते २ ते ८ ओहमच्या आसपास आणि तिथे अर्धा ओहम म्हणजे पुष्कळ झाला. मग ग्रिपच्या दोन पिनांमध्ये मोजा. नव्या दोन्ही ग्रिपही तशाच मोजा. आकडे कागदावर लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.

समजा जुनी ग्रिप ७ ओहमची निघाली. गाडी चालू असताना सिस्टिमला साधारण १४ व्होल्ट असतात, १४ भागिले ७ म्हणजे २ अँपियर, म्हणजे एका ग्रिपला २८ वॉट, दोन्हीला मिळून ४ अँपियर आणि ५६ वॉट. कंपनीने तो कंट्रोलर, ती वायर, तो फ्यूज सगळं याच हिशोबाने निवडलेलं असतं. नवी ग्रिप ७ ते ८ ओहममध्ये असेल तर बिनधास्त जोडा, ८ ओहमला ग्रिप थोडी कमी तापेल एवढंच. पण नवी ३.५ ओहमची असेल तर थांबा. अशा ग्रिप बहुतेक वेळा एकीतून दुसरीत, म्हणजे सिरीजमध्ये जोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या जुन्यांसारख्या शेजारी-शेजारी, पॅरललमध्ये जोडल्या तर प्रत्येकी ४, मिळून ८ अँपियर आणि ११२ वॉट होतात. कंट्रोलर हुशार असेल तर स्वतःला बंद करून घेईल, नसेल तर फ्यूज जाईल, आणि कोणीतरी आधीच मोठा फ्यूज घालून ठेवला असेल तर वायर वितळेल.

अजून एक गोष्ट तपासा, ती फार जण विसरतात. इग्निशन चालू करून, ग्रिप बंद ठेवून, हार्नेसच्या बाजूच्या कपलरच्या एकेक पिनवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत ते बघा. काही कंट्रोलर पॉझिटिव्ह बाजू चालू-बंद करतात, काही अर्थची, म्हणजे निगेटिव्हची, बाजू करतात. दुसऱ्या प्रकारात एका पिनवर कायम १२ व्होल्ट उभे असतात. अशा गाडीवर ग्रिपची दुसरी वायर कोणी सवयीने चेसीला अर्थ करून टाकली, तर ग्रिप बटणाचं ऐकणारच नाही, चावी फिरवली की फुल गरम. म्हणून ग्रिपच्या दोन्ही वायरी कपलरमध्येच न्यायच्या, चेसीला काहीही द्यायचं नाही.

आणि जोडताना गाडीचं हार्नेस कापू नका. तुमच्याकडे मेलेली उजवी ग्रिप आहे, तिची शेपटी कपलरसकट कापा, डावीचीही तशीच काढा, आणि त्या शेपट्या नव्या ग्रिपच्या वायरींना क्रिंप करून, म्हणजे दाबाच्या जोडणीने जोडून, वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. उद्या कंपनीची ग्रिप मिळाली तर सरळ कपलर लावला की झालं, गाडी जशी होती तशी. मेलेल्या ग्रिपची शेपटी हा या कामातला सगळ्यात मोलाचा सुटा भाग आहे आणि नेमकी तीच लोक रबरासोबत कचऱ्यात टाकतात.

जुन्या ग्रिपमधून २ ऐवजी ३ वायरी येत असतील तर आत दोन वेगवेगळ्या तारा आहेत, एक कमीसाठी आणि दुसरी जास्तसाठी. तुमची नवी ग्रिप एकाच तारेची असेल तर तिथे कमी-जास्त जसंच्या तसं मिळणार नाही, अशा गाडीसाठी ३ वायरींचीच ग्रिप शोधा.

प्रश्न: बाहेरच्या ग्रिप कंपनीच्या कपलरला जोडल्या, सुरुवातीला मस्त गरम झाल्या, पण दीड-दोन मिनिटांत मीटरवरचं ग्रिपचं चिन्ह ब्लिंक करतं आणि सगळं बंद. चावी बंद-चालू केली की परत तेच. फ्यूज शाबूत आहे. ग्रिप खराब आल्यात का? एक जण म्हणाला मध्ये एक रेझिस्टर टाक, दुसरा म्हणाला सेटसोबत आलेला कंट्रोलर परत मध्ये घाल, तर यातलं काय करू?

उत्तर: ग्रिप खराब असण्याची शक्यता कमी वाटते, गरम होतायत म्हणजे तार शाबूत आहे. बहुतेक तुमच्या कंट्रोलरला करंट जास्त जातोय, सुरुवातीला तो सहन करतो, मग त्याचं स्वतःचं संरक्षण जागं होतं. वरच्या उत्तरातलं मोजमाप करा आणि दोन्ही ग्रिप कशा जोडल्यात ते बघा. ३.५ ओहमच्या दोन ग्रिप पॅरललमध्ये म्हणजे एकूण १.७५ ओहम, त्याच सिरीजमध्ये म्हणजे ७ ओहम, करंट थेट ८ वरून २ अँपियरवर येतो आणि उष्णता चौपटीने फिरते. दोन पायऱ्यांच्या काही खटका-स्विचमध्ये कमी आणि जास्त हे नेमकं असंच केलेलं असतं, आत नुसती सिरीज-पॅरललची अदलाबदल.

पण सिरीज करून बंद पडणं थांबलं तरी हात गरम होतील का हा वेगळा प्रश्न आहे, कारण दोन्ही मिळून २८ वॉट म्हणजे एकेकीला १४, ते कडक थंडीत वेगात कमीच वाटतं. तेव्हा योग्य ओहमचा सेट बदलून घेणं हाच खरा इलाज. रेझिस्टर घालायचा सल्ला मला पटत नाही. करंट कमी होतो खरा, पण जी उष्णता मुठीत पाहिजे ती तुम्ही शेडच्या आत, प्लॅस्टिक आणि वायरींच्या शेजारी तयार करता, आणि तो रेझिस्टर चटका बसण्याइतका तापतो.

सेटचा कंट्रोलर मध्ये घालायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. त्या कंट्रोलरच्या आत छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे, त्याला सलग १२ व्होल्ट लागतात. कंपनीच्या कपलरमधून त्याला मिळणार तुकड्या-तुकड्याने चालू-बंद होणारा करंट, तो सतत नव्याने सुरू व्हायला बघणार आणि कोणत्या पायरीवर आहे हेच विसरणार. दोन मालकांच्या हाताखाली एक ग्रिप ठेवायची नाही, एकतर कंपनीचा कंट्रोलर किंवा सेटचा, दोन्ही नाही.

उलटंही घडतं बरं का. कॉम्प्युटरवाल्या काही गाड्या करंट फार कमी गेला तरी तक्रार करतात, त्यांना वाटतं वायर तुटलीय. म्हणजे १५ ओहमची ग्रिप लावून सुरक्षित राहू म्हटलं तरी चिन्ह ब्लिंक करू शकतं. जुन्या आकड्याच्या जवळ राहणं सगळ्यात चांगलं. आणि करंट येतोय का बघायला कपलरला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावू नका, थंड बल्बचा रेझिस्टन्स पेटलेल्यापेक्षा कितीतरी कमी असतो, पहिल्या झटक्यात तो इतका करंट ओढतो की चांगला कंट्रोलरही शॉर्ट समजून बंद होतो आणि तुम्ही भलत्याच दोषामागे लागता. जुनी चालू ग्रिप हाच टेस्टचा लोड.

प्रश्न: काका, माझ्या गाडीच्या वरच्या मॉडेलला हीटेड ग्रिप येतात, माझ्या मॉडेलला नाही. पण हेडलाइटच्या मागे हार्नेसला एक रिकामं कपलर टोपी लावून बांधलेलं सापडलं आणि मीटरच्या मेनूत ग्रिपची सेटिंगपण दिसते! मग नुसत्या ग्रिप आणून जोडल्या की झालं ना? नाहीतर त्या कपलरवरून रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, चालवून बॅटरीवरून करंट देईन असा विचार आहे.

उत्तर: रिकामं कपलर सापडल्याचा आनंद मी समजू शकतो, पण ते कपलर ग्रिपचंच आहे हे आधी तुझ्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवर वायरींचे रंग जुळवून नक्की कर. तशीच कपलरं फॉग लाइटला, सॉकेटला, अलार्मला पण ठेवलेली असतात.

मेनूत सेटिंग दिसतेय ही चांगली खूण आहे. यामाहाच्या ट्रेसरसारख्या गाड्यांत ग्रिप वॉर्मर मीटरमधूनच चालतो, कमी, मध्यम आणि जास्त अशा ३ जागा असतात आणि प्रत्येक जागेची उष्णता १० पायऱ्यांत आपल्याला हवी तशी ठेवता येते. अशा सोयीवर बाहेरची योग्य ओहमची ग्रिप बसली तर खरंच सोन्याहून पिवळं, हँडलवर काही वाढत नाही आणि पायरी समोर दिसते. मात्र ती इंजिन चालू असतानाच काम करते, त्यामुळे नुसती चावी लावून कपलरवर काही येत नाही म्हणून सोय बंद आहे असं समजू नकोस.

पण सगळ्या गाड्या इतक्या मनमोकळ्या नसतात. कॅन बस नावाची पद्धत बॉशने १९८६ मध्ये लोकांसमोर आणली, ती चारचाकीसाठी होती, पुढे मोटरसायकलीतही आली, बीएमडब्ल्यूच्या २००४ च्या आर १२०० जीएसमध्ये ती होती. यात स्विच, मीटर, इंजिनचा कॉम्प्युटर सगळे मोजक्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. ग्रिप लावलीय हे कॉम्प्युटरला सांगितलेलं नसेल तर तो त्या कपलरवर काहीच सोडत नाही, मग तू कितीही चांगली ग्रिप लाव. ते सांगायचं काम सर्व्हिस सेंटरमधल्या मशीनवर होतं. ग्रिप घ्यायच्या आधी तिथे विचार की माझ्या मॉडेलला ही सोय चालू करून मिळते का, आणि तेव्हाच हेही विचार की बटण असलेलं स्विचगिअर लागतं की आहे त्यावर भागतं.

रिलेचा विचार मात्र सोडून दे. नेहमीच्या टकटक करणाऱ्या रिलेला सलग करंट लागतो. त्या कपलरवर येतो तुकड्यांचा, रिले मधमाशीसारखा गुणगुणत राहील, त्याचे कॉन्टॅक्ट थोड्याच दिवसांत जळतील, आणि पायऱ्यांचा तर पत्ताच नाही, चालू किंवा बंद एवढंच. त्या कपलरच्या कुवतीपेक्षा जास्त करंट लागणारच असेल तर मॉसफेटवाला सॉलिड-स्टेट मोड्यूल, म्हणजे हलणारे कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, लागतो, तो वेगाने चालू-बंद होण्याला पुरा पडतो. पण कॉम्प्युटरला लोड दिसला नाही तर तो परत वायर तुटली म्हणून रुसतो. शक्य आहे, सोपं नाही. पहिल्याच गाडीवर हे करू नकोस.

प्रश्न: नवीन ग्रिप बसवल्या, छान गरम होतात, पण वळताना रेस सोडली तरी ती पटकन पूर्ण मागे येत नाही, किंचित अडकल्यासारखी वाटते. ग्रिप घट्ट बसेपर्यंत असं होतं का? थोडे दिवस चालवल्यावर सुटेल असं बसवणारा म्हणाला.

उत्तर: नाही. गाडी आजच्या आज बाजूला लावा आणि हे नीट होईपर्यंत चालवू नका. या पानावरचं बाकी सगळं हात गरम होण्याबद्दल आहे, हे जिवाबद्दल आहे.

माझ्या हातून हेच एकदा झालंय म्हणून तपशिलात लिहितो. उजव्या ग्रिपमधून वायर निघते ती ग्रिपसोबत फिरते. मी ग्रिप चिकटवताना वायर खालच्या बाजूला आली, दिसायला एकदम साफ, गोंद दोन-तीन मिनिटांत धरला. हँडल सरळ असताना रेस टप्पकन मागे यायची. पण हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की वायर ताणायची आणि तिच्या मुळाशी असलेलं रबरी आवरण ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या खालच्या कडेला टेकायचं, रेस शेवटच्या नखभर अंतरात थांबायची. जागेवर उभा राहून हँडल वळवून तपासलं म्हणून सापडलं, नाहीतर पहिल्याच यू-टर्नला गाडीने मला पुढे ओढलं असतं. ती ग्रिप कापून काढली आणि दुसरी घेतली, दुसरा मार्गच नव्हता.

तुम्ही असं बघा. इंजिन बंद ठेवून हँडल मध्यभागी, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, प्रत्येक जागी रेस पूर्ण उघडून एकदम सोडा, टक्क असा आवाज येऊन ती स्वतः मागे आली पाहिजे, हाताने ढकलावी लागता कामा नये. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, आरपीएम जराही वाढला तर वायर किंवा केबल कुठेतरी ओढली जातेय.

वायर बरोबर असेल तर तीन जागा उरतात. एक, ग्रिपची आतली कड स्विचगिअरला घासतेय, तिथे कागद सरकेल एवढी फट पाहिजे. दोन, ग्रिपचं बाहेरचं टोक बार-एंडच्या, म्हणजे हँडलच्या टोकावरच्या, वजनाला घासतंय. आणि तीन, गोंद रेसच्या प्लॅस्टिक नळीच्या आत गेलाय, हे सगळ्यात वाईट कारण नळी हँडललाच चिकटायला लागते. नळी बाहेर काढून, साफ करून, कोरडी बसवून बघा.

बाजारातल्या बहुतेक उजव्या ग्रिप आतून गुळगुळीत असतात आणि कंपनीच्या रेसच्या नळीवर उंचवटे असतात, ते घासून काढावे लागतात. पॉलिश पेपरने, हळूहळू, मधूनमधून ग्रिप कोरडी चढवून बघत घासायचं. ग्रिप जबरदस्तीने ठोकून चढवली की आतली तार तुटते किंवा नळीच दबते आणि मग ती हँडलवर घट्ट फिरते, तुमच्याकडे तेही झालेलं असू शकतं. केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक रेसच्या गाड्यांवर तर जास्तच सांभाळून, नळीचं आतलं टोक सेन्सरला फिरवत असतं, तिथे गोंदाचा थेंब किंवा घासल्याचा चुरा जाता कामा नये. हार्ले-डेव्हिडसनच्या २००८ पासूनच्या टूरिंग गाड्यांत तो सेन्सर हँडलच्या पाइपच्या आतच असतो, त्यांना त्यांच्यासाठी बनवलेलीच ग्रिप लागते, घासून-चिकटवून जमणारं काम नाही ते.

ज्याने "सुटेल" म्हणून सांगितलं त्याच्याकडेच परत जायचं असेल तर जा, पण वरची तपासणी स्वतः समोर उभं राहून करून घ्या.

प्रश्न: उजवी ग्रिप भाजेल इतकी गरम आणि डावी कोमट. कंपनीच्या बटणाला जोडल्यात. डाव्या आउटपुटला कमी करंट येतोय का?

उत्तर: एकदा दोन्ही कपलर आपसात बदलून बघा, तेवढी वायर पुरत असेल तर. गरमपणा बाजू बदलत असेल तर दोष कंट्रोलरमध्ये. नसेल बदलत, आणि मला वाटतं नसणारच, तर कारण साधं आहे. उजवी ग्रिप प्लॅस्टिकच्या नळीवर बसते आणि प्लॅस्टिक उष्णता अडवतं, डावी सरळ धातूच्या हँडलवर, आणि हँडल ती उष्णता ओढून वाऱ्यात सोडून देतं. काही कंपन्या म्हणूनच डाव्या ग्रिपला मुद्दाम जास्त वॉट देतात, तेव्हा डावी-उजवीचे ओहम थोडे वेगळे आले तर घाबरू नका. डाव्या ग्रिपला आतून जागा असेल तर हँडलवर पातळ हीट-श्रिंकचा एक थर चढवून मग ग्रिप बसवा, फरक हाताला कळतो. आता चिकटवलेली असेल तर एवढ्यासाठी काढू नका, निघताना तार तुटायची भीती जास्त.

प्रश्न: लहान इंजिनाची गाडी आहे, ग्रिप चालू ठेवून ट्रॅफिकमधून आलो की दुसऱ्या दिवशी सेल्फ मारत नाही. ग्रिप बटणाने बंद करतो, चावीपण काढतो.

उत्तर: दोन शक्यता, आणि दोन्ही मोजून कळतात. गाडी पूर्ण बंद असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मल्टीमीटर अँपियरवर लावा. काही मिलीअँपियर घड्याळासाठी ठीक आहेत, पण ग्रिप जोडलेली आणि सुटी यात आकडा बदलत असेल तर कुठेतरी चावीच्या आधीचा करंट घेतलाय. ही मोजणी चालू असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

दुसरी शक्यता जास्त, की गाडी तेवढा करंट बनवतच नाही. समजा स्टॅटर, म्हणजे इंजिनमधला वीज बनवणारा भाग, ५००० आरपीएमला २०० वॉट देतो. हेडलाइट ५५, इंजिनचं इग्निशन आणि फ्युएल पंप, टेल लाइट, मीटर मिळून अजून शंभरच्या घरात, त्यावर ग्रिप ५६, म्हणजे वेगातच जेमतेम बरोबरी, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलला असताना स्टॅटर निम्म्याहूनही कमी देत असू शकतो, उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. बॅटरीवर मीटर लावा. गाडी बंद आणि बॅटरी भरलेली असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट, चालू करून ४००० च्या पुढे १३.८ ते १४.५ पाहिजेत. आता आयडलवर ग्रिप फुल करा. आकडा १३ च्या खाली घसरत १२.५ कडे निघाला तर बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय. हेडलाइट गाडीला मान्य असलेल्या एलईडीचा करून बरेच वॉट वाचतात, नाहीतर सिग्नलला ग्रिप सगळ्यात खालच्या पायरीवर आणायची. मोठी बॅटरी घालून हा हिशोब बदलत नाही, ती फक्त उशिरा संपते.

कंपनीचा कंट्रोलर असेल तर त्यातला एक फायदा इथे मिळू शकतो, काही कंट्रोलर व्होल्ट पडले की ग्रिप आपोआप कमी किंवा बंद करतात. ट्रॅफिकमध्ये ग्रिप आपोआप थंड पडतात अशी तक्रारही एका पत्रात आहे, त्यांनीही आधी व्होल्ट बघावेत.

प्रश्न: थंडीत माझी बोटं पांढरी पडतात, काही जाणवत नाही. ग्रिप कायम सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली तर चालेल ना? ग्लोव्हज एकदम जाड घेतलेत.

उत्तर: बोटं थंडीत पांढरी पडून बधिर होणं याला रेनोचा त्रास म्हणतात, मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा ग्रिपचा प्रश्न नाही, एकदा डॉक्टरांना दाखवाच. ग्रिपपुरतं सांगायचं तर बधिर हाताला चटका कळत नाही ही मोठी काळजी. त्वचा ४४ डिग्रीच्या संपर्कात काही तास सलग राहिली तरी भाजते, त्यासाठी उकळतं काही लागत नाही. म्हणून वरची पायरी फक्त सुरुवातीची काही मिनिटं, मग मधल्या पायरीवर आणा आणि थांबाल तिथे तळवा उघडून बघा.

जाड ग्लोव्हजने उलट काम होतं. ग्रिपची उष्णता तळव्यातून आत यायची असते आणि तळव्यालाच जाड अस्तर असेल तर ती बाहेरच राहते, आणि थंडी तर बोटांच्या पाठीवर वाऱ्याने लागत असते. तळवा पातळ आणि पाठ जाड असा ग्लोव्ह घ्या, आणि हँडगार्ड लावा, वारा अडला की मधली पायरी पुरते.

प्रश्न: गोंद कोणता आणि किती वेळ थांबायचं? सेटसोबतची ट्यूब सुकून गेलीय.

उत्तर: जेलसारखा घट्ट सुपरग्लू घ्या, पाण्यासारखा पातळ नको, तो वाहत जाऊन स्विचमध्ये शिरतो. हँडल आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जुन्या रबराचा चिकटपणा राहिला तर ग्रिप महिनाभरात फिरायला लागते. आधी कोरडी चढवून वायरची दिशा ठरवा, मार्करने हँडलवर आणि ग्रिपवर खूण करा, मग गोंद लावून एका दमात फिरवत चढवा आणि खुणा जुळवा, दुरुस्तीला जेमतेम काही सेकंद मिळतात. टोकाचं रबर लांब असेल तर तार संपल्यानंतरचंच कापायचं, तेही सेट बनवणाऱ्याने कापायची मुभा दिली असेल तरच. मग गाडीला रात्रभर हात लावू नका, आणि शक्यतो २४ तासांनी पहिल्यांदा गरम करा. त्याआधी हँडल दोन्ही टोकांना वळवून रेस सोडून बघायची आहेच.